बहुस्थान स्विचांची आकृतिचिन्हे

दोनपेक्षा अधिक स्थाने असलेले किंवा एकाच स्थानात अनेक कॉन्टॅक्ट जोडणारे विद्युत स्विच सर्किटच्या आकृतीत दाखवण्याच्या पद्धती. साध्या स्विचची ओळख पोल (तो किती स्वतंत्र सर्किटे हाताळतो) आणि थ्रो (प्रत्येक पोल किती टोकांना जोडता येतो) या दोन आकड्यांत संपते. जिन्याच्या दिव्याचा टू-वे स्विच म्हणजे एक पोल, दोन थ्रो. एक तिरकी रेघ आणि तिच्यासमोर दोन टिंबे काढली की झाले. पोल अनेक असतील तर त्यांच्या रेघा तुटक रेषेने जोडतात. ते सगळे एकाच दांड्याने एकदम हलतात, एवढाच तिचा अर्थ. टिंबांची अर्धवर्तुळाकार रांग काढली की रोटरी स्विच होतो. आयईसी ६०६१७ या आंतरराष्ट्रीय मानकात आणि १९७५ च्या आयईईई ३१५ या अमेरिकी मानकात अशी चिन्हे दिलेली आहेत. भारतातील आयएस १२०३२ ही मालिका आयईसीच्या चिन्हांवर बेतलेली आहे.

स्थान आणि टिंब यांची जोडी एकास एक राहत नाही, तेथे हे चित्र अपुरे पडते. ऑन-ऑन-ऑन टॉगल बाहेरून सहा टर्मिनलांच्या नेहमीच्या डबल-पोल टॉगलसारखाच दिसतो. पण मधल्या स्थानात त्याचा एक पोल पलीकडे गेलेला असतो आणि दुसरा अजून अलीकडेच असतो. कोणता पोल आधी सरकतो हे उत्पादकागणिक बदलते. त्याच्यासाठी साध्या डबल-पोलचे चिन्ह काढले, तर वाचणारा मधले स्थान ऑफ समजतो. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचे उदाहरणही असेच. १९५४ मध्ये ती तीन स्थानांच्या पिकअप सिलेक्टरसह (पिकअप म्हणजे तारांची कंपने टिपणारा भाग) आली. वादक दांडी दोन खाचांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवू लागले, आणि १९७७ पासून कंपनीने पाच स्थानांचा स्विच द्यायला सुरुवात केली. त्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या स्थानी फिरता कॉन्टॅक्ट शेजारच्या दोन टिंबांना एकदम टेकतो. म्हणजे स्थाने पाच, टिंबे मात्र तीनच.

अशा वेळी चित्राचा हट्ट सोडून तक्ता करणे शहाणपणाचे. कारखान्यांच्या पॅनेलमधील रोटरी कॅम स्विचसाठी (यात मुठीबरोबर फिरणाऱ्या उंचवट्याच्या चकत्या कॉन्टॅक्ट उघडतात-मिटतात) हीच रीत आहे: उभ्या रकान्यांत स्थाने, आडव्या ओळींत कॉन्टॅक्ट, आणि जेथे कॉन्टॅक्ट बंद, म्हणजे जोडलेला, तेथे फुली. कोणते व्होल्टेज मोजायचे ते निवडणाऱ्या व्होल्टमीटर सिलेक्टरला बहुधा सात स्थाने असतात: ऑफ, आरवाय, वायबी, बीआर, आरएन, वायएन, बीएन (आर, वाय, बी हे तीन फेज, एन म्हणजे न्यूट्रल). हे सारे फिरत्या बाणांनी दाखवायला गेल्यास आकृतीचे जाळे होते. तक्त्यात मात्र वायरमन बोट ठेवून ओळ वाचतो. जपानी दुचाकींच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये फुलीऐवजी गोल काढून ते रेघेने जोडतात आणि रकान्यांवर वायरचे रंग लिहितात. आयईसीच्या पद्धतीत तक्ता थेट आकृतीत उतरतो: प्रत्येक स्थानासाठी एक तुटक रेषा आणि ज्या कॉन्टॅक्टवर ती रेषा ओलांडताना ठिपका असेल तो त्या स्थानी बंद.

तरीही एक गोष्ट निसटते, ती म्हणजे दोन स्थानांच्या मधला क्षण. कोणत्या फेजचा प्रवाह मोजायचा ते निवडणाऱ्या अॅमीटर सिलेक्टरमध्ये तोच क्षण सर्वांत महत्त्वाचा असतो. मोठा प्रवाह मोजण्याजोगा लहान करणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूने प्रवाह वाहत असताना त्याची दुय्यम बाजू उघडी पडली, तर तेथे घातक व्होल्टेज निर्माण होते. म्हणून ऑफ स्थानातही तिन्ही फेजचे ट्रान्सफॉर्मर शॉर्ट केलेले असतात, आणि स्विच फिरताना नवा कॉन्टॅक्ट जुळल्याखेरीज जुना सुटत नाही. नुसत्या फुल्यांवरून हे कळत नाही. शेजारच्या दोन रकान्यांतील फुल्या आडव्या रेघेने जोडल्या, तर कॉन्टॅक्ट मध्ये सुटत नाही असा अर्थ होतो. ही रेघ विसरलेल्या आकृतीवरून स्विच मागवणे धोक्याचे आहे.

सगळ्यांत तापदायक प्रकार सबस्टेशनच्या कंट्रोल पॅनेलवर सापडतो: ब्रेकर (दोष आल्यास प्रवाह तोडणारे उपकरण) उघडण्याचा, म्हणजे ट्रिप करण्याचा, आणि जोडण्याचा ट्रिप-न्यूट्रल-क्लोज, म्हणजे टीएनसी स्विच. मूठ सोडली की ती स्प्रिंगने मध्यावर परतते. हे परतणे आकृतीत बाणाने दाखवतात. पण लॉस्ट मोशन, म्हणजे मूठ आणि कॉन्टॅक्ट यांच्यात मुद्दाम ठेवलेली ढील, असलेल्या प्रकारात काही कॉन्टॅक्ट मुठीबरोबर परतत नाहीत. क्लोज करून सोडल्यावर ते बंदच राहतात आणि पुढच्या ट्रिपलाच उघडतात. मूठ मध्यावरच, पण कॉन्टॅक्टची अवस्था आधी काय केले यावर ठरते. ऑपरेटरने शेवटी क्लोज दिले असूनही ब्रेकर उघडा असेल, तर तो आपोआप ट्रिप झाला आहे हे या कॉन्टॅक्टवरून दिव्याला किंवा घंटेला कळते. एका स्थानाला एकच रकाना देऊन हे मांडता येत नाही. म्हणून तक्त्यात न्यूट्रलचे दोन रकाने करतात, ‘ट्रिपनंतर’ आणि ‘क्लोजनंतर’.

वेफर स्विचमध्ये (दांड्यावर पातळ चकत्या ओवलेला रोटरी स्विच) खाचा असलेली चकतीच काढतात. ती मुठीच्या बाजूने पाहिली की मागून, आणि मूठ कोणत्या स्थानी असताना, हे शेजारी लिहावेच लागते. नाहीतर टर्मिनलांचा क्रम आरशातल्यासारखा उलटा वाचला जातो.