वाळवंटातला पट्टा, भिंत आणि मतदारयादी

जगाच्या नकाशात मोरोक्कोच्या खाली बहुधा एक तुटक रेघ असते. तिच्या दक्षिणेचा सुमारे २,६६,००० चौरस किलोमीटरचा मुलूख, महाराष्ट्राहून जरा लहान, म्हणजे पश्चिम सहारा. १८८४ पासून ही स्पेनची वसाहत होती. ऑक्टोबर १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले, की इथल्या काही टोळ्या मोरोक्कोच्या सुलतानाला मानत होत्या, पण तेवढ्याने भूमीची मालकी सिद्ध होत नाही, निर्णय रहिवाशांचा. पुढच्याच महिन्यात मोरोक्कोचे राजे हसन दुसरे यांनी साडेतीन लाख निःशस्त्र नागरिक सीमेपार धाडले. १९७६ मध्ये स्पेन निघून गेला आणि सहरावींच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, पोलिसारिओ संघटनेने स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले. मग मोरोक्को आणि पोलिसारिओ यांच्यात युद्ध जुंपले.

भांडण फॉस्फेटचे, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे. बू क्रा खाणीतले खनिज सुमारे १०० किलोमीटरच्या सरकत्या पट्ट्यावरून समुद्राकडे जाते; वाऱ्याने उडालेल्या भुकटीचा पांढरा माग उपग्रहातूनही दिसतो. पण मोरोक्कोच्या फॉस्फेट उत्पादनात या खाणीचा वाटा दहावा हिस्साही नाही. किनाऱ्यावरची मासळी कमी मोलाची नाही: वारा वरचे पाणी लोटतो, तळाचे थंड, पोषक पाणी वर येते आणि मासे पोसले जातात.

उघड्या वाळवंटात पट्ट्याची राखण अवघड. पोलिसारिओच्या जीपगाड्या हल्ला करून पसार होत. म्हणून मोरोक्कोने १९८० ते १९८७ दरम्यान टप्प्याटप्प्याने वाळू-दगडांची भिंत उभारली, पुढे सुरुंग पेरले. पहिल्या टप्प्यात खाण आणि लायून शहर आत घेतले. अखेर लांबी २,७०० किलोमीटरवर गेली. पाऊस क्वचितच, पण आला की सुरुंग वाहून जागा बदलतात, मग जुने नकाशे कुचकामी.

१९९१ मध्ये युद्धविराम झाला, स्वातंत्र्य की मोरोक्को यावर सार्वमत ठरले, आणि सगळे अडले ते मतदार कोण यावर. स्पेनच्या १९७४ च्या जनगणनेत सुमारे ७४,००० सहरावी होते, पण भटक्यांची गणना कुठे पुरी होते! टोळ्यांच्या शेखांच्या साक्षी काढून संयुक्त राष्ट्रांनी सुमारे ८६,००० नावे पात्र ठरवली. त्यावर सव्वा लाखांहून अधिक अपिले आली. मतदान आजवर झालेले नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये मॉरिटानियाच्या सीमेजवळच्या गेरगेरातच्या रस्त्यावरील वादातून युद्धविरामही मोडला. भारताने १९८५ मध्ये प्रजासत्ताकाला दिलेली मान्यता २००० मध्येच काढून घेतली होती.