हीट गन: ज्योत नाही, पण धग ६०० अंशांची

हीट गन आणि केस वाळवायचा ड्रायर यांची रचना सारखीच. पंखा मागून हवा ओढतो, ती तापलेल्या तारेच्या वेटोळ्यावरून जाते आणि नोझलमधून बाहेर पडते. फरक तापमानाचा आहे. ड्रायरच्या झोताने केस वाळतात. हीट गनचा झोत ६०० अंश सेल्सिअसपर्यंत पोचतो आणि कागद तर २३० अंशांच्या आसपासच पेटतो. तरी ज्योत दिसत नाही म्हणून माणसे गॅसच्या टॉर्चला जपतात तेवढी हीट गनला जपत नाहीत.

तापमान कामानुसार ठरवा. वायरीवरची साधी हीट-श्रिंक स्लीव्ह, म्हणजे उष्णतेने आवळणारी प्लास्टिकची नळी, १०० अंशांच्या आगेमागे आवळू लागते. नोझलपासून दूर जाताना हवा झपाट्याने निवते, म्हणून सेटिंग त्याहून वर ठेवावे लागते. पण ते कमाल मर्यादेवर नेण्याची गरज नसते. स्लीव्हच्या मध्यापासून सुरुवात करून टोकांकडे जा, म्हणजे आत हवा अडकत नाही. झोत सतत फिरता ठेवा. तो एका जागी थांबला की वायरीचे पीव्हीसी आवरण मऊ पडते, आणि जास्तच तापले तर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू निघतो.

नोझल पृष्ठभागाला टेकवू नये. हवा अडली की उष्णता आतच कोंडते आणि तार जळते. पाठीमागची जाळीही मोकळी हवी. या जाळीकडे फार कमी जणांचे लक्ष असते. शेजारी थिनरचा उघडा डबा असेल तर त्याची वाफ इथूनच आत ओढली जाते आणि थेट लाल तारेवर पोचते. ॲसिटोनसारख्या द्रावकाची वाफ तर ठिणगी मिळाली की शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते.

जुना रंग काढायचा असेल तर आधी त्यात शिसे आहे का, हे तपासून घ्या. असेल तर हीट गन न वापरणेच उत्तम, कारण जास्त तापमानाला शिशाचा विषारी धूर होतो. साधा रंगही फुगून सुटताच खरवडावा, करपेपर्यंत थांबू नये. फळ्यांच्या फटीत गरम हवा शिरली तर आतला भुसा नुसता धुमसत राहू शकतो आणि काम संपल्यावर तासाभरानेही पेटू शकतो. म्हणून लगेच जागा सोडू नका. किमान तासभर अधूनमधून येऊन हात न लावता धूर, वास पाहा.

२,००० वॉटची गन २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढते. बारीक वायरीचे एक्स्टेन्शन तेवढ्याने तापते. केबल रिळावर असेल तर ती पूर्ण उलगडा, गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही.

काम झाल्यावर प्लग एकदम काढू नये. पंखा थांबतो, तार मात्र तापलेलीच राहते आणि प्लास्टिकचे आवरण वितळू शकते. दोन-तीन मिनिटे थंड हवेवर चालवा, मग स्टँडवर नोझल वर करून ठेवा. नोझल त्यानंतरही बराच वेळ चटका देण्याइतके गरम असते आणि दिसायला अगदी थंड. हातमोजे चामड्याचे घ्या. नायलॉनचे वितळून कातडीला चिकटतात. भाजलेच तर बर्फ नको, २० मिनिटे वाहते गार पाणी धरा.