‘बाहेरून’ केलेली पदवी आणि तालुक्याचा आरोग्य कारभार

१२ एप्रिल २००५ रोजी ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात एक नवी खुर्ची आली, कार्यक्रम व्यवस्थापकाची. पुढे तालुक्यालाही तशीच आली. करार दरवर्षी नव्याने, पगाराऐवजी मानधन, आणि काम मात्र अख्ख्या तालुक्याचं. तोवर प्राथमिक आरोग्य केंद्राचा कारभार डॉक्टर जमेल तसा हाकत. एमबीबीएसला शरीरशास्त्र शिकवतात, पण रुग्ण कल्याण समितीचं कॅशबुक, उपयोगिता प्रमाणपत्र (निधी कसा खर्चला याचा दाखला) आणि औषधांची मागणी यांच्याशी गाठ पडते ती थेट नेमणुकीच्या गावी. २००८ पासून महिन्याचे आकडे सरकारी पोर्टलवर भरणं आलं आणि हा भार आणखी वाढला. तो पेलायला व्यवस्थापन शिकायला हवं, आणि नोकरी सांभाळून शिकायचं तर पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइनच.

मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रातलं टेबल माझ्या डोळ्यांसमोर आहे. डावीकडे ओपीडीचं रजिस्टर, उजवीकडे लसीकरणाचा अहवाल, मधे लॅपटॉप. वैद्यकीय अधिकारी मॅडम दिवसभर त्यावर आकडे भरायच्या आणि रात्री साडेआठला त्याच लॅपटॉपवर आरोग्य व्यवस्थापनाच्या एमबीएचा तास लावायच्या. मोबाइल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला, कारण दोन काड्या रेंज येते ती तिथेच. बाळंतीण आली की तास अर्ध्यात सुटायचा आणि रेकॉर्डिंग पहाटे पाहून व्हायचं. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंचाहून गडचिरोली शहरच सुमारे दोनशे किलोमीटर पडते, नागपूर त्याहूनही पुढे. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्याने दोन वर्षं रजा काढून शिकावं, असं म्हणणं म्हणजे शिकूच नये असं म्हणणं.

आरोग्य व्यवस्थापनाचा हा विषय विदर्भाला परका नाही. सेवाग्रामला १९६९ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली, बालमृत्यू झपाट्याने घटले आणि १९९९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मनुष्यबळ कसं उभं करायचं आणि देखरेख कशी ठेवायची, हे धडे इथल्या मातीतच गिरवले गेले. पदवीच्या कागदावर ते उशिरा उतरले, एवढंच.

खरा गुंता कागदाचा आहे, आणि तो एका शब्दात अडकला आहे. आपल्याकडे पूर्वी नोकरी सांभाळून एम.ए.चा फॉर्म भरणारा ‘बहिःस्थ’ विद्यार्थी असे. १९६२ मध्ये दिल्लीत पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू झाले. १९८२ ला हैदराबादेत, १९८५ ला दिल्लीत आणि १९८९ ला नाशिकला मुक्त विद्यापीठ आलं. मग दूरस्थ हा शब्द आला, त्यानंतर ऑनलाइन. कायद्याच्या नजरेत हे सगळे वेगवेगळे प्रकार आहेत. तालुक्याच्या बोलीत मात्र या सगळ्यांना एकच नाव, ‘बाहेरून केलं’. जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत सेवापुस्तकात नोंद करायला गेलं की पहिला प्रश्न हाच येतो, “रेग्युलर की बाहेरून?” अभ्यासक्रमात काय शिकवलं, परीक्षा कशी झाली, हे कुणी विचारत नाही.

या संशयाला कारण आहे, तेही सांगायला हवं. शेजारच्या छत्तीसगडात २००२ च्या कायद्याखाली शंभराहून अधिक खासगी विद्यापीठं कागदावर उभी राहिली. फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढली. गोंदिया-देवरी पट्ट्याला रायपूर जवळचं, त्यामुळे ही बातमी इकडे घरची वाटावी अशी होती. २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाकडून विद्यापीठांना राज्याच्या हद्दीबाहेर अभ्यासकेंद्रं चालवायला मनाई झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये अभिमत विद्यापीठांच्या पत्रद्वारा अभियांत्रिकी पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने बडगा उगारला. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प अहवाल मिळत, तेही लोकांनी पाहिलं होतं. एकाने केलं आणि सगळ्यांनी भोगलं.

पण त्यानंतर नियम बदलले, आणि या बदलाची दखल जेवढी घ्यायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही, असं माझं ठाम मत आहे. २०१८ मध्ये ऑनलाइन पदव्यांसाठी आयोगाचे स्वतंत्र विनियम आले. सप्टेंबर २०२० मध्ये दूरस्थ आणि ऑनलाइन दोन्हींसाठी एकत्र विनियम झाले. त्यांच्याच आधारे सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर करण्यात आलं, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरावी. केंद्राच्या नोकऱ्यांपुरती दूरस्थ पदवीला मान्यता तर १ मार्च १९९५ च्या अधिसूचनेपासूनच होती.

तरीही ‘समकक्ष’ आणि ‘पात्र’ यांत फट राहिली. पदवी समकक्ष आहे की नाही हे आयोग ठरवतो, आणि उमेदवार पात्र आहे की नाही हे भरतीची जाहिरात ठरवते. जाहिरातीत ‘पूर्णवेळ’ एवढा एक शब्द पडला की २०२२ चा निर्णय त्या दारापाशीच थांबतो. त्यातच सरकारी नोकराला शिकण्याआधी पूर्वपरवानगी लागते. ती वेळेत आली नाही, तर पदवी खरी असूनही सेवापुस्तकात चढत नाही.

इकडे गरज मात्र वाढतच गेली. २०१७ च्या आरोग्य धोरणाने राज्यांना सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचं स्वतंत्र केडर (अधिकाऱ्यांचा वेगळा संवर्ग) उभारायला सांगितलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, माणसं दगावली. कोणत्या गावातून किती रुग्ण येताहेत, इशारा कुणी कुणाला द्यायचा, कृषी आणि आरोग्य खात्यांनी एकमेकांशी कधी बोलायचं, हे प्रश्न औषधाच्या बाटलीत सुटणारे नव्हते. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी येऊ लागले. व्यवस्थापन शिकायची गरज आता थेट गावात पोहोचली. केडरसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०२२ मध्ये आल्या.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाचा नवा निर्णय झाला. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याखाली येणारे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायचे नाहीत. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषण, जैवतंत्रज्ञान आणि आहारशास्त्र यांची नावं घेऊन दारं बंद झाली. जिथे रुग्णाला हात लावायचा असतो, तिथे ही मनाई मला पटते. रुग्णालय किंवा आरोग्य व्यवस्थापनाचं नाव त्या पाचांत नाही. पण २०२१ च्या कायद्याच्या अनुसूचीत ‘आरोग्य माहिती व्यवस्थापन’ हा व्यवसाय आहे. मधे ‘माहिती’ हा एक शब्द आला की विषय बंदीच्या कक्षेकडे सरकतो. आणि तालुक्यात महिनोन्महिने पोर्टलवर आकडे भरणाऱ्या माणसाला जे शिकायचं आहे, ते नेमकं याच नावाखाली येतं.