संगणकातील परिसंस्था आणि ‘समतोल’ या शब्दाची पार्श्वभूमी

कापसाच्या पानाखाली मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी एकाच रसावर जगतात, ढालकिडे आणि क्रायसोपाच्या अळ्या त्यांना खातात, आणि बोंडअळीसाठी केलेली फवारणी या सगळ्यांवरच पडते, हे खानदेशात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. असे अन्नजाळे आधी कागदावरच्या समीकरणांत आणि पुढे संगणकात उभे केले, तर प्रजातींची स्पर्धा आणि भक्षकांचा दाब यांतून शेवटी काय उरते, हे पाहण्याच्या प्रयत्नांना सुमारे शंभर वर्षे झाली आहेत. या काळात समीकरणांनी जितके प्रश्न सोडवले, जवळजवळ तितकेच प्रश्न एका शब्दाने निर्माण केले, आणि तो शब्द म्हणजे ‘समतोल’. त्यामुळे या टिपणात त्याच्या वाटचालीला अधिक जागा दिली आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १९२५ आणि १९२६ मध्ये दोन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे भक्ष्य-भक्षक समीकरणे मांडली. त्यांपैकी दुसऱ्या मांडणीला एड्रियाटिक समुद्राकाठच्या मासळीबाजारांतील नोंदींचा आधार होता : पहिल्या महायुद्धात मासेमारी घटली, तेव्हा शार्कसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढले होते. या समीकरणांतील संख्या सतत वरखाली होत राहतात, आणि धक्का बसला की जुन्या फेऱ्याकडे परत न जाता वेगळ्याच फेऱ्यात फिरू लागतात. तरीही त्यांचे वर्णन ‘निसर्गाचा समतोल’ असे होऊ लागले, आणि घोटाळ्याची सुरुवात तेथेच झाली. १९३४ पर्यंत काचनळ्यांतील प्रयोगांनी दोन गोष्टी दाखवल्या. एकाच जिवाणूवर पोसलेल्या पॅरामीशियम या एकपेशीय जीवाच्या दोन प्रजातींपैकी एक नामशेष होते, ही पहिली. दुसरी अशी की भक्षक आणि भक्ष्य एकत्र ठेवले, तर भक्षक सारे भक्ष्य संपवून स्वतः उपाशी मरतो. नळीच्या तळाशी गाळाचा आश्रय दिला, तर भक्ष्य तगते आणि भक्षक मरतो. दोघांचे फेरे चालू राहिले ते केवळ एका मांडणीत : प्रयोगकर्त्याने दर तिसऱ्या दिवशी दोन्ही प्रजातींचा एकेक जीव बाहेरून आणून सोडला तेव्हा. हा तपशील पुढे बराच काळ विसरला गेला. त्याचे महत्त्व ओघात दिसेलच.

खरा वाद १९५०च्या दशकात आकाराला आला. अन्नजाळ्यात कोण कोणाला खातो याचे दुवे जितके अधिक, तितके ते जाळे भक्कम, असा युक्तिवाद १९५५ मध्ये मांडला गेला, आणि १९५८ मध्ये त्याला पुराव्यांची जोड मिळाली : एकपीक शेतात किडींचा उद्रेक अधिक होतो, आणि मोजक्या प्रजातींच्या बेटांवर परकी प्रजाती लवकर पाय रोवते. रावेर-यावलच्या सलग केळीच्या पट्ट्यात वावरणाऱ्या माणसाला हे म्हणणे आजही पटकन पटते. परंतु १९७० मध्ये संगणकावर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी दुवे जोडलेली, जाळी बांधून पाहिली, तेव्हा उलटेच दिसले. शक्य असलेल्या जोड्यांपैकी प्रत्यक्ष दुव्यांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की स्थिर जाळे मिळण्याची शक्यता एकदम ढासळत होती. १९७२ मध्ये अवघ्या दोन पानांच्या निबंधाने त्याला सूत्राचे रूप दिले : प्रजातींची संख्या आणि दुव्यांचे प्रमाण यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याला दुव्यांच्या सरासरी ताकदीने गुणले, तर जाळे स्थिर राहण्यासाठी येणारे उत्तर १ पेक्षा कमी असले पाहिजे. २५ प्रजाती आणि १० टक्के दुवे असतील, तर दुव्याची ताकद सुमारे ०.६३ पर्यंत चालते. प्रजाती १०० केल्या की ती मर्यादा निम्म्यावर, म्हणजे सुमारे ०.३२ वर येते.

यानंतरची अनेक वर्षे विविधता हवी की नको, अशा थाटात वाद झाला, आणि माझ्या मते तो बव्हंशी शब्दाचा वाद होता. १९५८च्या मांडणीत समतोल म्हणजे उद्रेक न होणे. १९७२च्या सूत्रात समतोल म्हणजे एका ठरावीक बिंदूपासून संख्या किंचित ढळल्या, तर त्याच बिंदूवर परत येणे. १९७३ मध्ये तिसरा अर्थ पुढे आला : संख्या कितीही हेलकावल्या तरी परिसंस्थेची घडी न मोडणे, म्हणजे सावरण्याची क्षमता. चौथा अर्थ आणखी साधा आहे, तो म्हणजे कोणतीही प्रजाती नाहीशी न होणे. मोठे हेलकावे खाणारे जाळे दुसऱ्या अर्थाने असमतोल ठरते आणि चौथ्या अर्थाने उत्तम टिकते. मराठीत हे चारही अर्थ ‘समतोल’ किंवा ‘संतुलन’ या एकाच शब्दात कोंबले जातात. बिंदूवर परतण्याला ‘स्थैर्य’, नाहीशा न होण्याला ‘टिकाव’ आणि घडी न मोडण्याला ‘सावरण्याची क्षमता’ म्हटले, तर अर्धा वाद उरणार नाही.

आपल्याकडील उदाहरण घेतले, तर हा फरक का महत्त्वाचा आहे ते कळते. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली, आणि बोंडअळी हा जाळ्यातील एक जाड दुवा कापला गेला. सूत्राच्या भाषेत हा किंचित धक्का नव्हता. २००६-०७ च्या सुमारास पिठ्या ढेकूण कापसावर आला, ती तर मूळ जाळ्यात नसलेली, अमेरिका खंडातून आलेली प्रजाती होती. जुन्या बिंदूवर परत येण्याचे गणित अशा पाहुण्याविषयी काहीच सांगू शकत नाही. १९७२चे सूत्र चुकीचे नव्हते. त्याला जे विचारलेच नव्हते, त्याचे उत्तर त्याच्या तोंडी घातले गेले, ही चूक होती. शिवाय त्या सूत्रातील दुवे यादृच्छिक होते, आणि खऱ्या जाळ्यात कोण कोणाला खातो हे यादृच्छिक नसते. १९९८ मध्ये दाखवले गेले की पुष्कळसे कमकुवत दुवे जोरदार दुव्यांचे हेलकावे शमवतात. २०१२ मध्ये याच गणिताच्या विस्तारातून निष्पन्न झाले की भक्ष्य-भक्षक दुवे जाळ्याला स्थैर्याकडे नेतात, तर स्पर्धेचे आणि सहकार्याचे दुवे त्यापासून दूर नेतात.

एकेक प्राणी स्वतंत्रपणे मोजणारी प्रतिमाने (मॉडेल) दरम्यान घरगुती संगणकांपर्यंत पोहोचली होती. १९८४ मध्ये मासे आणि शार्क यांचे चौकटींचे जग लोकप्रिय झाले. पुढे वर्गांतून वापरल्या जाणाऱ्या लांडगे-मेंढ्यांच्या प्रतिमानात चारा अमर्याद असला, तर बहुधा एखादी प्रजाती संपते. गवत खाल्ल्यावर पुन्हा उगवायला वेळ लागतो असे धरले, की तिघेही टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

येथे प्रतिमान बांधणाऱ्याचा एक वादग्रस्त निर्णय येतो, ज्याची अहवालांत क्वचितच चर्चा होते : एखाद्या प्रजातीची संख्या एकाखाली गेली, तर काय करायचे. समीकरणांत अर्धा प्राणी असू शकतो, शेतात नसतो. १९८०च्या दशकातील कोल्ह्यांमधील रेबीजच्या एका प्रतिमानात साथीची दुसरी लाट आपोआप उसळत होती. १९९१ मध्ये लक्षात आणून दिले गेले की दोन लाटांच्या मध्ये रोगी कोल्ह्यांची घनता दर चौरस किलोमीटरला एका कोल्ह्याच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग इतकी उतरत होती, म्हणजे प्रत्यक्षात साथ केव्हाच संपली होती. एकाखाली गेलेली प्रजाती नामशेष धरायची, तशीच चालू द्यायची, की बाहेरून एखादा जीव अधूनमधून सोडायचा, यावर संपूर्ण निकाल उलटतो. १९३४च्या काचनळीत हाताने सोडलेला जीव आणि आजच्या प्रतिमानात ‘स्थलांतर’ नावाने घातलेली छोटीशी बेरीज यांत तत्त्वतः फरक नाही. असा निर्णय गुपचूप घेऊन मिळालेल्या टिकावाला जाळ्याचा गुण म्हणणे मला मान्य होण्यासारखे नाही.

तथापि ही बेरीज नेहमीच लबाडी असते असेही नाही. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा आणि टोमॅटोवरही जगते, त्यामुळे तिच्या बाबतीत शेजारची पिके जाळ्यातच धरावी लागतात. गुलाबी बोंडअळीचे अन्न मात्र जवळजवळ कापसापुरतेच आहे. पहिल्या बीटी जनुकाला तिने दाद न दिल्याचे २०१०च्या सुमारास गुजरातेत नोंदवले गेले. दोन जनुकांच्या वाणांवरही ती वाढू लागली, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात तिने मोठे नुकसान केले. हंगाम संपल्यावर ती फरदडीच्या (हंगामानंतरही शेतात राखलेल्या कापसाच्या) पऱ्हाटीत, वाळलेल्या बोंडांत आणि जिनिंगमध्ये साठलेल्या सरकीत सुप्त राहते, आणि पुढच्या हंगामात तिचे पतंग शेतात परततात. एका शेताचे प्रतिमान बांधणाऱ्याला म्हणून पहिल्याच पानावर ठरवून लिहावे लागते की हे पतंग बाहेरून टाकलेली भर आहेत, की फरदड आणि जिनिंग यांच्यासकट सगळा परिसर हेच जाळे आहे.