युद्ध, हिंसा आणि समकालीन दृश्यकला व चित्रपट

युद्ध, वंशसंहार, फाळणी, राजकीय दडपशाही यांसारख्या सामूहिक हिंसेला चित्रकार, मुद्राचित्रकार, शिल्पकार, छायाचित्रकार व चित्रपटकार यांनी आपापल्या माध्यमांतून दिलेला प्रतिसाद. विजयस्तंभ, राजाश्रयाने रंगविलेली रणचित्रे व प्रचारपट यांचा येथे विचार केलेला नाही, कारण त्यांत हिंसा ही पराक्रमाची पार्श्वभूमी असते. हिंसा हाच जेथे मुख्य विषय होतो आणि ती पाहणारा कोण, कोठे उभा आहे हा प्रश्न जेथे कलाकृतीतच उपस्थित होतो, तेथून प्रस्तुत परंपरा सुरू होते असे सामान्यतः मानले जाते. ‘समकालीन’ या संज्ञेने कलेतिहासात ढोबळमानाने १९६० नंतरचा काळ अभिप्रेत असला, तरी या परंपरेची मुळे दीडशे वर्षे मागे जातात.

बहुतेक अभ्यासक ही मुळे स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोया (१७४६–१८२८) यांच्या नेपोलियनशी स्पेनने केलेल्या युद्धावरील ‘युद्धाचे अनर्थ’ या अम्लरेखन-मालिकेत (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रांच्या मालिकेत) शोधतात. या मालिकेचा काळ ठरविणे सोपे नाही. काही ताम्रपटांवर १८१० हे वर्ष कोरलेले आहे. माद्रिदमधील दुष्काळाची दृश्ये १८११–१२ नंतरची असली पाहिजेत. तर शेवटची रूपकात्मक चित्रे स्पेनचा राजा सातवा फर्नांडो १८१४ मध्ये परतल्यानंतरची, बहुधा १८२० पर्यंतची असावीत. आरंभीच्या काही चित्रांसाठी गोयांनी आपल्याच जुन्या मोठ्या निसर्गदृश्यांचे ताम्रपट कापून वापरले होते, यावरून युद्धकाळात चांगल्या तांब्याचा तुटवडा असावा असा तर्क केला जातो. मालिका त्यांच्या हयातीत प्रकाशित झालीच नाही. माद्रिदच्या सान फर्नांडो अकादमीने तिच्यातील ८० चित्रे १८६३ मध्ये छापली आणि आज रूढ असलेले शीर्षकही तेव्हाच दिले गेले. गोयांनी आपल्या एका मित्राला दिलेल्या संचावरील हस्तलिखित शीर्षक बरेच लांब असून त्यात बोनापार्टशी झालेल्या रक्तरंजित युद्धाच्या घातक परिणामांचा उल्लेख आहे.

वादाचा खरा मुद्दा साक्षीचा आहे. चव्वेचाळिसाव्या चित्राखाली, ज्यात गावकरी जीव घेऊन पळत आहेत, ‘मी हे पाहिले’ असे शब्द आहेत आणि पुढच्याच चित्राखाली ‘आणि हेही’. जुन्या चरित्रकारांनी त्यांवरून गोया हे संपूर्ण मालिकेचे प्रत्यक्षदर्शी होते असे गृहीत धरले. ते १८०८ मध्ये वेढ्यातून बाहेर पडलेल्या सारागोसा शहरात गेले होते हे खरे. तथापि अनेक दृश्ये ऐकीव वृत्तांतांवर व कल्पनेवर आधारलेली असावीत, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. तसे असल्यास ‘मी पाहिले’ हे विधान पुरावा म्हणून नव्हे, तर एक भूमिका म्हणून वाचावे लागते. पुढील दोन शतकांतील बहुतेक वाद याच फरकाभोवती फिरतात. २००३ मध्ये जेक व डिनॉस चॅपमन या ब्रिटिश बंधूंनी या मालिकेच्या १९३७ मध्ये छापलेल्या मूळ संचावरच बळींच्या चेहऱ्यांच्या जागी विदूषकांची व कुत्र्यांच्या पिलांची तोंडे रंगविली. ती कृती विटंबना की भाष्य, याविषयी एकमत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाझी वंशसंहाराने साक्षीचा हा प्रश्न अधिक टोकदार केला. चित्रपटांत तो प्रथम तांत्रिक रूपाने पुढे आला. १९६१ मध्ये फ्रेंच समीक्षक व दिग्दर्शक झाक रिव्हेत यांनी छळछावणीवरील एका इटालियन चित्रपटातील एकाच हालचालीवर कठोर टीका केली. त्या दृश्यात विजेच्या तारेवर झेपावून मरण पावलेल्या स्त्रीकडे कॅमेरा पुढे सरकतो आणि तिचा हात चौकटीत नीटनेटका बसेल अशी रचना साधतो. मृत्यूची सुबक मांडणी करणारा दिग्दर्शक तिरस्काराला पात्र आहे, असा रिव्हेत यांचा आशय होता. कॅमेऱ्याची हालचाल ही नैतिक बाब आहे, हे सूत्र तेव्हापासून युद्धपटांच्या समीक्षेत रूढ झाले. क्लोद लान्झमान यांनी सुमारे साडेनऊ तासांच्या ‘शोआ’ (१९८५) या चित्रपटात एकही जुने चित्रण वापरले नाही. वाचलेल्यांच्या, शेजाऱ्यांच्या व काही गुन्हेगारांच्या मुलाखती आणि आजची ओसाड ठिकाणे एवढ्यावरच तो उभा आहे.

याच्या विरुद्ध बाजूस चार छायाचित्रे आहेत. ऑगस्ट १९४४ मध्ये बिर्केनाऊ येथील नाझी छावणीत प्रेते जाळण्याच्या कामास जुंपलेल्या कैद्यांनी ती लपून काढली. छायाचित्र काढणारा बहुधा एक ग्रीक ज्यू कैदी होता. फिल्मचा तुकडा टूथपेस्टच्या नळीतून छावणीबाहेर पोहोचविण्यात आला. दोन छायाचित्रांत दाराची काळी चौकट दिसते. एकात झाडांच्या फांद्या व आकाश यांपलीकडे जवळजवळ काहीच नाही. नंतरच्या प्रकाशनांत ही काळी चौकट ‘निरुपयोगी’ म्हणून कापली गेली व काही आकृत्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून रेखल्याही गेल्या. २००१ मध्ये पॅरिस येथील एका प्रदर्शनाच्या निमित्ताने तत्त्वज्ञ झोर्झ दिदी-ह्यूबरमान यांनी या कापाकापीवर आक्षेप घेतला: ती काळी चौकट म्हणजेच छायाचित्र घेणाऱ्याने पत्करलेला धोका होय, आणि ती काढली की साक्ष नाहीशी होते. लान्झमान यांच्याशी निकट असलेल्या लेखकांनी उलट असे म्हटले की, वायुकोठडीच्या आतील प्रतिमा अस्तित्वात नाही आणि या चार छायाचित्रांना तिची जागा देणे ही प्रतिमापूजा ठरते. हा आक्षेप निराधार नाही. परंतु कैद्यांनी जीव धोक्यात घालून पाठविलेली वस्तू पाहण्यास नकार देणे अधिक कठीण आहे, असे दिसते. जर्मन चित्रकार गेरहार्ड रिष्टर यांनी २०१४ मध्ये हीच छायाचित्रे चार मोठ्या कॅनव्हासांवर उतरविली आणि ती पूर्णपणे झाकली जाईपर्यंत त्यांवर रंगाचे थर खरवडून चढविले. त्यांच्या शेजारी मूळ छायाचित्रांच्या प्रती टांगण्याची प्रथा आहे, त्यामुळे या चित्रांतही दाखविणे व झाकणे या दोन्ही क्रिया एकत्र राहतात.

लपविण्याचा किंवा पर्यायी प्रतिमा घडविण्याचा मार्ग इतरांनीही स्वीकारला. चिलीचे आल्फ्रेडो हार यांनी १९९४ च्या रवांडा वंशसंहारानंतर तेथे काढलेली छायाचित्रे १९९५ मध्ये काळ्या पेट्यांत बंद करून थडग्यांप्रमाणे रचली. वर फक्त वर्णन छापलेले. लेबनानचे वालिद राद यांनी १९७५–९० च्या यादवी युद्धाविषयी ‘ॲटलस ग्रूप’ या नावाने कागदपत्रांचा एक संग्रह उभा केला, त्यातील बरीच कागदपत्रे काल्पनिक आहेत. कंबोडियाचे रिथी पान यांनी ख्मेर रूज राजवटीतील (१९७५–७९) बालपणाचे चित्रण उपलब्ध नसल्याने मातीच्या लहान बाहुल्यांनी ते घडविले (२०१३). इझ्राएलचे आरी फोल्मन यांनी लेबनानमधील साब्रा व शातिला या पॅलेस्टिनी निर्वासित वस्त्यांतील १९८२ च्या हत्याकांडाची हरवलेली आठवण ॲनिमेशनमध्ये शोधली आणि अखेरच्या मिनिटांत मात्र प्रत्यक्ष चित्रणाकडे वळले (२००८).

गुन्हेगारांनाच कॅमेऱ्यासमोर उभे करण्याची पद्धत सर्वाधिक वादग्रस्त ठरली. जॉशुआ ओपेनहायमर यांच्या ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’ (२०१२) या माहितीपटात इंडोनेशियातील १९६५–६६ च्या कत्तलींतील मारेकरी आपली कृत्ये गुन्हेपट व संगीतपट यांच्या थाटात सादर करतात. बळींना आवाज मिळत नाही, हा यावरील मुख्य आक्षेप होय. त्यांच्या पुढील चित्रपटात (२०१४) एका बळीचा भाऊ मारेकऱ्यांना प्रश्न विचारतो. पहिल्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत अनेक इंडोनेशियन सहकाऱ्यांची नावे ‘अनामिक’ अशी आहेत, ही बाब चर्चेत अनेकदा सुटून जाते.

दूरच्या युद्धाचे घरच्या सुखवस्तूपणाशी असलेले नाते हा आणखी एक प्रवाह. अमेरिकन कलावती मार्था रॉस्लर यांनी १९६७ ते १९७२ च्या सुमारास गृहसजावटीच्या मासिकांतील दिवाणखान्यांत व्हिएतनाम युद्धाची छायाचित्रे चिकटविली. जर्मन चित्रपटकार हारून फारोकी यांनी १९६९ मध्ये नापाम या बाँबमधील ज्वालाग्राही द्रव्याच्या बळीची साक्ष वाचून आपल्या हातावर सिगारेट विझविली. सिगारेट ४०० अंशांना जळते व नापाम ३००० अंशांना, असे त्यावेळी निवेदन येते. जळालेले शरीर दाखविल्यास प्रेक्षक डोळे मिटतील, हे त्यांचे कारण. पुढे २००० नंतर त्यांनी क्षेपणास्त्रांच्या टोकांवरील कॅमेऱ्यांच्या, म्हणजे कोणी पाहावे म्हणून नव्हे तर काम पार पाडावे म्हणून निर्माण होणाऱ्या, प्रतिमांचा अभ्यास केला. ड्रोनविषयक आजच्या कलेचा वैचारिक पाया त्यातच आहे.

भारतात या विषयाचा मोठा भाग फाळणी, दुष्काळ व अणुचाचण्या यांच्याशी निगडित आहे. सोमनाथ होर (१९२१–२००६) यांच्या ‘जखमा’ या १९७० च्या दशकातील मालिकेत रंग वा आकृती नाही. मातीवर कापून, भाजून केलेल्या जखमांचा सिमेंटचा साचा घेऊन त्यात कागदाचा लगदा ओतला जाई आणि पांढऱ्यावर पांढरे व्रण उमटत. नलिनी मलानी यांची मांडणीशिल्पे व अमर कन्वर यांची आठ पडद्यांवरील मांडणी (२००७) स्त्रियांवरील हिंसेच्या स्मृतीशी संबंधित आहेत. आनंद पटवर्धन यांच्या अणुचाचण्यांविषयीच्या ‘जंग और अमन’ (२००२) या माहितीपटास परिनिरीक्षण मंडळाने अनेक कात्र्या सुचविल्या. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो विनाकात्री दाखविण्यास मुभा दिली. प्रतिमेची भीती केवळ येथेच वाटते असे नाही. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीस संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेबाहेर टांगलेले पिकासो यांच्या ‘गेर्निका’ या बाँबहल्ल्यावरील युद्धविरोधी चित्राचे विणलेले रूप निळ्या पडद्याने झाकण्यात आले, इराकविषयीचे अमेरिकेचे निवेदन त्याच दिवशी होते.

भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यामुळे बळी स्वतःच चित्रणकर्ते झाले. सीरियातील ‘अबूनद्दारा’ या अनामिक गटाने २०११ पासून दर आठवड्यास एक लघुपट प्रसृत केला. लंडन येथील ‘फोरेन्सिक आर्किटेक्चर’ (स्थापना २०१०) हा गट अशा चित्रणांतील सावल्या, स्फोटांचे ढग व आवाज मोजून घटनेची जागा व वेळ ठरवितो. त्याचे निष्कर्ष न्यायालयांतही मांडले गेले आहेत आणि कलादालनांतही. लिथुएनियन चित्रपटकार मांतास क्वेदारावीचूस हे २०२२ मध्ये युक्रेनमधील मारिउपोल येथे चित्रणासाठी गेले असताना मारले गेले.

स्मारकांच्या क्षेत्रात ‘प्रतिस्मारक’ ही संकल्पना १९८० च्या दशकात जर्मनीत आकारास आली. हँबर्गच्या हारबुर्ग भागात योखेन गेर्त्स व एस्थर शालेव-गेर्त्स यांनी १९८६ मध्ये शिसे मढविलेला १२ मीटरचा स्तंभ उभारला. नागरिकांनी त्यावर फॅसिझमविरोधी सह्या करावयाच्या आणि पृष्ठभाग भरत जाईल तसा स्तंभ जमिनीत उतरवावयाचा, अशी योजना होती. सह्यांबरोबर शिव्या व स्वस्तिकेही कोरली गेली. ती पुसली नाहीत. १९९३ मध्ये स्तंभ पूर्ण गाडला गेला. कोलंबियात २०१६ च्या शांतता करारानुसार फार्क बंडखोरांची शस्त्रे वितळवून तीन स्मारके करावयाची होती. त्यांपैकी बोगोता येथील स्मारकासाठी शिल्पकार डोरिस साल्सेडो यांनी ३७ टन धातूपासून फरशी केली (२०१८). तिच्या साच्यांसाठी लागणारे पत्रे युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी हातोड्याने ठोकून खडबडीत केले, आणि पाहणाऱ्यास या फरशीवरूनच चालत जावे लागते.