टपाल तिकीटसंग्रह

टपालाची तिकिटे जमवणे, ती पारखणे, क्रम लावून जपणे आणि त्यांच्यामागची हकिगत शोधणे या छंदाला तिकीटसंग्रह म्हणतात. त्याच्या अभ्यासाला ‘फिलाटेली’ असे नाव आहे. फ्रेंच संग्राहक जॉर्ज एर्पँ यांनी १८६४ मध्ये हा शब्द दोन ग्रीक शब्द जोडून तयार केला : ‘फिलोस’ म्हणजे प्रेम करणारा आणि ‘अतेलेया’ म्हणजे करातून सूट. तिकिटाचा आणि करमाफीचा संबंध पटकन लक्षात येत नाही. पण तिकिटे येण्यापूर्वी पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्याला मोजावे लागत. तिकीट लावलेले पत्र आले की त्याची त्यातून सुटका होई.

पहिले चिकटवायचे तिकीट ब्रिटनने काढले. रोलंड हिल यांनी सुचवलेल्या टपाल सुधारणेतून आलेले हे ‘पेनी ब्लॅक’ १ मे १८४० रोजी विक्रीस आले आणि ६ मेपासून अधिकृतपणे वापरात आले. त्यावर राणी व्हिक्टोरियाचा चेहरा आहे, देशाचे नाव नाही. ब्रिटिश तिकिटांवर ते आजही नसते. हे तिकीट भिंगाखाली धरले की खालच्या दोन कोपऱ्यांत एकेक इंग्रजी अक्षर दिसते. एका तावात २० ओळी आणि दर ओळीत १२ अशी २४० तिकिटे असत. डावे अक्षर ओळ सांगते, उजवे त्या ओळीतली जागा. म्हणजे सुटे तिकीट हाती आले तरी ते तावात नेमके कुठे होते हे कळते. त्यावर मारलेला लाल शिक्का पुसता येत असे, आणि लोक तेच तिकीट पुन्हा वापरतील अशी भीती होती. म्हणून १८४१ मध्ये तिकीट लाल झाले आणि शिक्का काळा. आशियात तिकिटांची सुरुवात १८५२ मध्ये ‘सिंध डाक’ने झाली.

या छंदाचा खरा आनंद दुर्मीळ तिकीट मिळण्यात आहे असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात तो नजर तयार होण्यात आहे. सुरुवातीला सगळी तिकिटे सारखीच दिसतात. मग एके दिवशी एकच चित्र, एकच रंग आणि एकच किंमत असलेली दोन तिकिटे शेजारी ठेवल्यावर एकाच्या कडेचे दाते बारीक आहेत हे जाणवते. हे दाते दोन सेंटिमीटरमध्ये किती बसतात ते मोजण्यासाठी खास पट्टी मिळते, आणि १४ की १५ एवढ्या फरकावरून छपाई वेगळी ठरू शकते. कागद उजेडासमोर धरला की कधी जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली फिकट खूण, दिसते. या शोधाला पैसा लागत नाही, सवड लागते.

तिकिटावरचे नाव वाचणे हाही एक खेळ आहे. ‘हेल्वेशिया’ नावाचा देश नकाशात सापडत नाही, कारण ते स्वित्झर्लंडचे लॅटिन नाव आहे. त्या देशात चार राष्ट्रीय भाषा आहेत. एकीतले नाव छापले तर उरलेल्या तिघींवर अन्याय होईल, म्हणून ही पाचवी वाट. ‘मग्यार’ हा शब्द हंगेरीचा, ‘सुओमी’ फिनलंडचा. जर्मनीची १९२३ ची तिकिटे तर आवर्जून पाहावीत. पैशाची किंमत इतकी झपाट्याने घसरत होती की जुन्या तिकिटांवरच नवे आकडे छापावे लागले, आणि पत्राचे तिकीट शेवटी अब्जावधी मार्कांवर गेले. महागाईच्या त्या काळाबद्दल कितीही वाचले, तरी नखाएवढ्या कागदावर ५० अब्ज हा आकडा पाहिल्यावर जे कळते ते वेगळेच.

दुर्मीळ तिकिटांत ब्रिटिश गियाना या दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीचे १८५६ चे एक सेंटचे किरमिजी तिकीट सर्वांत प्रसिद्ध आहे. इंग्लंडहून येणारी तिकिटे संपत आल्याने ते तिथेच साध्या छापखान्यात छापले गेले. १८७३ मध्ये ते बारा वर्षांच्या एका मुलाला घरातल्या जुन्या कागदपत्रांत सापडले. कोपरे कापलेले असल्याने त्याने ते सहा शिलिंगांना विकून टाकले. २०१४ च्या लिलावात त्याला नव्वद लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. मात्र अशा कथांवर नजर ठेवून संग्रह सुरू करू नये. पक्षी, आगगाड्या, पूल, बुद्धिबळ असा आवडीचा एखादा विषय धरला तर संग्रह आपोआप आकार घेतो.

साहित्य थोडेच लागते : टोकाला चपटा चिमटा, भिंग आणि पट्ट्यांची वही, म्हणजे स्टॉकबुक. बोटांचा तेलकटपणा कागदात मुरतो, म्हणून तिकीट चिमट्यानेच उचलायचे. वापरलेले तिकीट सोडवताना पाकिटाचा कागद भोवती थोडा राखून कापतात आणि तो तुकडा साध्या पाण्यात टाकतात. पंधरा-वीस मिनिटांत डिंक सुटतो आणि तिकीट आपणहून अलग होते. तोवर धीर धरायचा. ओढले की तिकिटाची पाठ सोलते. मग ते टीपकागदावर पालथे वाळवून जड पुस्तकाखाली ठेवतात. हल्लीची स्टिकरसारखी तिकिटे मात्र अनेकदा पाण्याला दाद देत नाहीत. ती कागदासकट कापून ठेवलेली बरी.

सगळीच तिकिटे सोडवायची नसतात. पाकिटावर तिकीट जागेवर असेल, तर शिक्क्यातले गाव आणि तारीख वाचता येते. जुन्या पाकिटांच्या मागच्या बाजूला कधी वाटेतल्या टपालघरांचे आणि पोहोचल्याचेही शिक्के असतात. त्यांवरून पत्र कोणत्या मार्गाने गेले आणि किती दिवसांनी पोहोचले हे जुळवता येते. म्हणून जुने पाकीट हाती आले की कात्री घेण्याआधी ते उलटून पाहावे.