ढोम्याच्या पोटातला जवळा

रविवारी सकाळी नाशिकच्या मासळी बाजारातून अर्धा किलो ढोमा आणि दोन लेप आणले. रातोरात कसारा घाट चढून आलेला माल, बर्फातला. "पोटं काढून देऊ का, ताई?" मावशींनी विचारलं. मी नको म्हणाले. मला पोटंच हवी होती.

घरी वीतभर ढोम्याचं पोट चिरलं. जठर सुपारीएवढं, टम्म फुगलेलं. बशीतल्या पाण्यात ते उघडलं तर गुलाबी लगदा आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे काळे डोळे. जवळा, म्हणजे इवलीशी कोळंबी! अंग अर्धं विरघळलेलं, पण डोळे आणि टरफल उशिरा पचतात, म्हणून ओळखू आला. तळाशी राहणारे मासे काय खातात हे शोधायची जुनी, भरवशाची रीत हीच: शेकडो मासे चिरायचे, जठरात सापडेल ते ओळखायचं, मोजायचं, तोलायचं. माझ्या दुसऱ्या ढोम्याचं पोट मात्र रिकामं निघालं. म्हणजे तो उपाशी होता असं नव्हे. जाळं वर ओढताना पाण्याचा दाब झपाट्याने उतरतो, माशाच्या अंगातली हवेची पिशवी फुगते आणि खाल्लेलं बऱ्याचदा तोंडावाटे बाहेर पडतं. म्हणून दोनचार माशांवरून निष्कर्ष काढता येत नाही.

लेपाचं तर अख्खं शरीरच तळासाठी घडलेलं. अंड्यातून निघतो तेव्हा इतर माशांसारखा उभा पोहतो, दोन बाजूंना दोन डोळे. मग उजवा डोळा हळूहळू सरकत डाव्या अंगाला येतो आणि मासा जन्मभरासाठी आडवा होतो. तोंड वाकडं, गाळाला भिडलेलं. पाकट या चपट्या माशाची अडचण वेगळी: तोंड पोटाखाली, डोळे पाठीवर, त्यामुळे घास त्याला दिसतच नाही. पण गाळात दडलेल्या प्राण्याच्या शरीरातून निघणारी अतिशय क्षीण वीज तो त्वचेवरच्या छिद्रांनी टिपतो. शिंगाळा मिशांनी चाचपत फिरतो.

खोल तळाशी ऊन पोचत नाही, तिथे वनस्पती वाढत नाहीत. मग अन्न येतं कुठून? वरून. मेलेले प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), जवळ्याची विष्ठा, टाकलेली टरफलं यांचा भुरभुर पाऊस सतत खाली पडत असतो. किनाऱ्याजवळ नद्याही भर घालतात. आपण नाशिककर त्र्यंबकला गोदावरीचं उगमस्थान म्हणून ओळखतो. वैतरणाही त्याच भागातल्या डोंगरांत उगम पावते आणि पश्चिमेला पालघर जिल्ह्यात अरबी समुद्राला मिळते. नद्यांबरोबर आलेला पालापाचोळा जिवाणू कुजवतात, जिवाणूंनी माखलेला गाळ किडे खातात, किड्यांना लेप.

प्रत्येक पायरीवर खाल्लेल्यातलं ढोबळमानाने 10 टक्केच अंगी लागतं, बाकीचं जगण्यात खर्च होतं. किलोभर ढोम्यामागे साधारण दहा किलो जवळा, आणि त्या जवळ्यामागे शंभरेक किलो प्लवक, असा हा हिशेब. आणि ही सरळ साखळी नाही, गुंतलेलं जाळं आहे. बोंबील जवळ्यावर जगतो, शिवाय स्वतःच्याच जातीची पिल्लंही गिळतो. जवळा कमी झाला तर ढोमा आणि बोंबील दोघांच्या पोटाला चिमटा बसेल, म्हणूनच जवळ्याला किरकोळ मासळी म्हणणं मला पटत नाही. 1998 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या मासेमारीचे आकडे तपासून दाखवलं, की मोठे शिकारी मासे घटत जातात तसतशी मासेमारी या अन्नजाळ्याच्या खालच्या पायऱ्यांकडे सरकते. त्यात तळ खरवडत नेणारं ट्रॉलचं जाळं किड्यांचं घरच उलथतं. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत या गाळालाही थोडी उसंत मिळते.

लेपाचं आतडं मी सगळ्यात शेवटी उघडलं. बारीक रेती, करडा चिखल, आणि भिंगाखाली दोन काळे, बाकदार आकडे. किड्याचे जबडे होते ते. किडा केव्हाच पचला होता, जबडे तेवढे उरले होते.